तंजावूरचा बीजपल्लव

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल नावाचे जे प्रसिद्ध ग्रंथालय आहे, त्याने इ. स. १९५८ मध्ये एक संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव ‘बीजपल्लव’, कर्ता कृष्ण दैवज्ञ, संपादक टी. व्ही. राधाकृष्ण शास्त्री. राजवाडा पाहावयास येणारा प्रवासी दरबाराची जागा पाहतो, उंच मनोरे पाहतो, ग्रंथालयातील ताडपत्रे व चित्रे पाहतो आणि पुढे जातो. ह्या पुस्तकाची त्याला वार्ताही नसते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. कारण वरवर पाहता ती गणिताच्या एका जुन्या ग्रंथावरील टीका, म्हणजे स्पष्टीकरण, एवढेच आहे. परंतु शाळेत बीजगणित शिकताना ज्या एका प्रश्नाने बहुतेकांना छळलेले असते, त्या ‘असे का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा ग्रंथ लिहिला गेला. समीकरण सोडविण्याची रीत सांगणारी पुस्तके पुष्कळ असतात. रीत बरोबर का आहे हे प्रत्येक पायरीवर सांगावयास बसणारा लेखक विरळा. म्हणून समीकरणे सोडविणे व पदावल्यांना सोपे रूप देणे ह्या विषयाचा परिचय ह्या प्रकरणात आपण त्याच ग्रंथाच्या आधाराने करून घेणार आहोत.

ज्या ग्रंथावर ही टीका आहे तो म्हणजे भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव ह्याने मठ स्थापला होता, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी ह्यांना एकोणिसाव्या शतकात सापडला. टीकाकार कृष्ण दैवज्ञ हे इ. स. १६०० च्या सुमाराचे. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातील, पयोष्णी नदीच्या काठच्या दधिग्राम ह्या गावचे. वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिले आणि मुले तेथेच वाढली. धाकटे बंधू रंगनाथ ह्यांनी ‘सूर्यसिद्धान्ता’वर १६०३ मध्ये टीका लिहिली, स्वतः कृष्ण दैवज्ञांना जहांगीर बादशहाच्या दरबारी मान होता. सह्याद्रीच्या आचार्याचा ग्रंथ, त्यावर वऱ्हाडातून काशीस गेलेल्या घराण्यातील पंडिताची टीका, आणि ती छापणारे ग्रंथालय कावेरीच्या खोऱ्यात मराठी राजांनी वाढविलेले, असा हा योग आहे. ‘बीज’ म्हणजे बी आणि ‘पल्लव’ म्हणजे पालवी. ह्याच टीकेचे दुसरे नाव ‘नवांकुर’, आणि त्या नावाने ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० मध्ये छापलेली होती.

तंजावूरच्या राजांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ह्यांनी १६७६ च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापिले व ते १८५५ पर्यंत ह्या ना त्या स्वरूपात चालले. ग्रंथसंग्रहाचा आरंभ त्याआधीच्या नायक राजांच्या काळातला. पण त्याला आजचे वैभव आले ते दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राज्य करावयाचे उरले नाही, तेव्हा ह्या राजाने १८३२ पर्यंतचे आपले आयुष्य विद्येच्या उद्योगाला दिले. राजवाड्यात देवनागरी छपाईचा कारखाना काढला. त्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. ‘नवविद्याकलानिधी’ ह्या नावाने शाळा काढली. जगाचा भूगोल शिकविण्यासाठी त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले व भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी खंडांची व देशांची माहिती घातली. १८२० मध्ये ते काशीयात्रेस निघाले आणि यात्रेत हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला. ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले ते १९१८ मध्ये. बीजगणितासारख्या विषयाची कोरडी समजली जाणारी टीका पुढे ह्याच वास्तूतून प्रसिद्ध व्हावी, हे तेथील परंपरेला साजेसेच झाले.

आता मूळ विषयाकडे वळू. भास्कराचार्य गणिताचे दोन भाग करतात : व्यक्त आणि अव्यक्त. ज्या संख्या माहीत आहेत त्यांच्यावरील क्रिया म्हणजे व्यक्त गणित, आपले अंकगणित. जी संख्या अजून माहीत नाही, पण जिच्याविषयी काही बोलता येते, तिच्यावरील क्रिया म्हणजे अव्यक्त गणित. माहीत नसलेल्या वस्तूला नाव देऊन ती माहीत असल्याप्रमाणे वागविणे, ही ह्या शास्त्रातील पहिली आणि सर्वांत धाडसाची पायरी होय. भास्कराचार्य अशा पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणतात. यावत्तावत् म्हणजे ‘जितके असेल तितके’. अव्यक्ते एकाहून अधिक असतील तर पुढच्यांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिले अक्षर पुरे : या, का, नी, पी. नुसत्या संख्येला ‘रूप’ म्हणतात व ‘रू’ असे लिहितात. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब द्यावयाचे. शाळेत आपण जेथे क्ष लिहितो तेथे ह्या ग्रंथात ‘या’ आहे, एवढाच फरक.

नाव दिले की त्याबरोबर एक शिस्तही येते. एकाच जातीच्या राशींची बेरीज होते. भिन्न जातींच्या राशी शेजारी शेजारी ठेवावयाच्या, मिसळावयाच्या नाहीत. नवशिका विद्यार्थी ३क्ष + ५ ह्याचे ८क्ष करतो. तो आळशी असतो असे नाही. उत्तर एकपदी असलेच पाहिजे अशी अंकगणिताने त्याला सवय लावलेली असते, आणि अधिकचे चिन्ह मध्ये तसेच राहिलेले पाहून काम अर्धवट टाकल्याची रुखरुख त्याला वाटते. परंतु तीन घोडे आणि पाच रुपये ह्यांची बेरीज आठ घोडे होत नाही. घोड्याची किंमत कळेपर्यंत ती राशी ‘तीन घोडे आणि पाच रुपये’ अशीच राहणार. पदावलीला सोपे रूप देणे म्हणजे तिचे उत्तर काढणे नव्हे. घोडे घोड्यांत व रुपये रुपयांत गोळा करणे एवढेच ते काम आहे.

घोड्यांचे उदाहरण सहज सुचलेले नाही. ते भास्कराचार्यांचेच आहे. दोन माणसे आहेत. एकाजवळ ६ घोडे व रोख ३०० आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० चे कर्ज आहे. घोडे सगळे सारख्या किमतीचे. दोघांची मालमत्ता सारखीच, तर एका घोड्याची किंमत किती? जुन्या रीतीप्रमाणे दोन पक्ष एकाखाली एक मांडले जात : वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, व ह्या शेवटच्या १०० वर टिंब. आपल्या लेखनपद्धतीने तेच असे :

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

हे सोडविण्याची शाळेतील रीत सर्वांना पाठ असते : क्ष असलेली पदे एका बाजूला न्यावी, संख्या दुसऱ्या बाजूला न्याव्या, आणि बाजू बदलताना चिन्ह बदलावे. ह्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत पक्षांतर म्हणतात. (वर्तमानपत्रांनी हा शब्द राजकारणासाठी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. तेथेही पक्ष बदलणाऱ्याचे चिन्ह बदलते, हा योगायोग विद्यार्थ्यांना नियम लक्षात ठेवण्यास उपयोगी पडला तर पडो.) अडचण अशी की ह्या नियमात कारण कोठेच दिसत नाही. एखादे पद बरोबरीच्या चिन्हावरून उडी मारते आणि हवेतच त्याचे चिन्ह उलटते, असा काहीसा जादूचा प्रकार विद्यार्थ्याच्या मनात राहतो. मग कधी तो चिन्ह बदलावयास विसरतो, तर कधी गुणक म्हणून असलेल्या संख्येचेही चिन्ह बदलून टाकतो.

जुन्या ग्रंथातील शब्द ह्याहून बोलका आहे. तेथे ह्या क्रियेला ‘समशोधन’ म्हणतात. शोधन म्हणजे वजा करणे. दोन्ही पक्षांतून सारखेच वजा करणे ते समशोधन. कोणतेही पद कोठेही जात नाही. दोन्ही माणसांकडून सहा सहा घोडे काढून घ्या. मालमत्ता सारखी होती, दोघांकडून सारखेच गेले, म्हणून उरलेली मालमत्ताही सारखीच राहिली. पहिल्याजवळ आता फक्त ३०० आहेत. दुसऱ्याजवळ ४ घोडे व १०० चे कर्ज. आता दोघांनाही १००-१०० द्या. पहिल्याजवळ ४०० झाले. दुसऱ्याचे कर्ज फिटले व त्याच्याजवळ नुसते ४ घोडे राहिले. चार घोड्यांची किंमत ४००, म्हणून एकाची १००. पडताळा पाहावा : पहिल्याचे ६०० व ३०० मिळून ९००, दुसऱ्याचे १००० मधून १०० जाऊन ९००.

मधली वाक्ये पुन्हा वाचली म्हणजे चिन्ह का बदलले ते दिसते. डावीकडचे अधिक ६क्ष उजवीकडे वजा होऊन गेले, कारण ते दोन्हीकडून वजा केले. उजवीकडचे वजा १०० डावीकडे अधिक झाले, कारण ते फेडण्यासाठी दोन्हीकडे १०० मिळविले. शेवटी ४ ने भागलेही दोन्ही बाजूंना. तराजूची कल्पना ज्याच्या मनात एकदा पक्की झाली त्याला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य पाठ करण्याची गरज उरत नाही.

हीच गोष्ट इ. स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी ह्या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात सांगितली. वजा असलेले पद दोन्हीकडे मिळवून भरून काढणे ह्याला त्याने ‘अल्-जब्र’ म्हटले, आणि दोन्ही पक्षांतील समान भाग छाटून टाकणे ह्याला ‘मुकाबला’. युरोपात ह्या शास्त्राला जे नाव पडले ते ह्या पहिल्या शब्दावरून. आपल्या उदाहरणात शंभराचे कर्ज फेडणे हा जब्र झाला आणि सहा घोडे काढून घेणे हा मुकाबला. क्रिया त्याच, नावे दोन संस्कृतींची.

परंतु ह्या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरून चाललो, ती म्हणजे ऋण राशी. कर्ज म्हटले की ऋण संख्या समजते. पण ऋण म्हणजे केवळ कर्जच काय? येथे कृष्ण दैवज्ञांचे विवेचन मला फार मोलाचे वाटते. ते म्हणतात की ऋणत्व तीन प्रकारचे आहे : देशामुळे येणारे, काळामुळे येणारे आणि वस्तूमुळे येणारे. तिन्हींत समान सूत्र एकच, विरुद्धता. एका दिशेला धन मानले तर तिच्या उलट दिशा ऋण; पुढे येणारा काळ धन मानला तर मागे गेलेला ऋण; मालकीची वस्तू धन तर देणे ऋण. कोणती बाजू धन म्हणावयाची हे आपल्या इच्छेवर आहे. एकदा ठरविले की दुसरी आपोआप ऋण होते. शून्याहून कमी असलेली संख्या कशी असू शकेल, ह्या शंकेने युरोपातील काही विद्वानांना अठराव्या शतकातही अस्वस्थ केले होते. काशीच्या ह्या पंडिताने त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे तिचे असे साधे उत्तर देऊन ठेवले होते.

दिशेचे उदाहरण ते आपल्याच परिसरातून घेतात. काशीपासून पूर्वेला १५ योजनांवर पाटणा आणि पश्चिमेला ८ योजनांवर प्रयाग. दोहोंमधील अंतर किती? उघडच २३ योजने. आता हेच वजाबाकीच्या भाषेत मांडू. पूर्व धन मानली तर पाटणा १५ वर आहे व प्रयाग ऋण ८ वर. दोन स्थानांमधील अंतर म्हणजे त्यांची वजाबाकी : १५ − (−८). नकाशावर ते २३ आहे हे कोणीही बोटाने दाखवील. म्हणून ऋण राशी वजा करावयाची असेल तर तिचे चिन्ह उलटून ती मिळवावी. नियम आधी आणि उदाहरण मागून असा हा क्रम नाही. काशीहून प्रवासास निघालेल्या माणसाला जे ठाऊक असते त्यातूनच नियम बाहेर पडतो.

पदावली सोडविताना विद्यार्थी जेथे सर्वांत अधिक ठेचाळतो ती जागा हीच आहे. ५क्ष + ७ − (२क्ष − ४) ह्याला सोपे रूप द्या, असे सांगितले की निम्मा वर्ग ३क्ष + ३ असे लिहितो. कंसाबाहेरचे वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला लागू केले जाते. ह्यावर ‘कंसाआधी वजा असेल तर आतील सर्व चिन्हे बदला’ असा दम देण्यापेक्षा व्यवहार सांगावा. मला कोणाकडून ‘२क्ष मध्ये ४ कमी’ इतकेच घ्यावयाचे होते. मी सरसकट २क्ष उचलले, तर ४ जास्त घेतले. ते परत करावयास हवेत. म्हणून ५क्ष + ७ − २क्ष + ४, म्हणजे ३क्ष + ११. शंका असेल तर क्ष ला १० मानून पाहावे : मूळ पदावली ५७ − १६, म्हणजे ४१, सोप्या रूपातही ३० + ११, म्हणजे ४१. असा पडताळा घेण्यास अर्धे मिनिट लागते, आणि तो घेण्याची सवय शिक्षकांनी का लावू नये हे समजत नाही.

ह्याहून कठीण प्रश्न गुणाकाराचा. ऋण गुणिले ऋण धन का? कर्जाला कर्जाने गुणणे ह्याचा व्यवहारात काहीच अर्थ होत नाही, म्हणून येथे धन-कर्जाची उपमा थकते व बहुतेक शिक्षक ‘तसा नियम आहे’ असे म्हणून सुटका करून घेतात. आपण कावेरीच्या खोऱ्यातील एक भातखाचर डोळ्यांसमोर आणू. खाचर २० हात लांब व १५ हात रुंद. क्षेत्रफळ ३०० चौरस हात. एका टोकाला पाटासाठी लांबीतून ३ हातांची पट्टी सोडली, आणि एका कडेला बांधासाठी रुंदीतून २ हातांची. लावणीला उरले १७ गुणिले १३, म्हणजे २२१ चौरस हात. आता हेच तुकड्यातुकड्यांनी, खंडगुणनाने, काढू. (२० − ३) गुणिले (१५ − २). वीस पंधरा ३००. त्यातून बांधाची पट्टी, २० गुणिले २, म्हणजे ४० वजा. त्यातून पाटाची पट्टी, ३ गुणिले १५, म्हणजे ४५ वजा. राहिले २१५. परंतु खरे उत्तर २२१ आहे. सहाची तूट आली कोठून? पाट आणि बांध जेथे एकमेकांना छेदतात तो ३ गुणिले २ चा कोपरा आपण दोनदा वजा केला, एकदा बांधाबरोबर व एकदा पाटाबरोबर. तो एकदा परत द्यावयास हवा. परत द्यावयाचा हा ६ म्हणजेच ऋण ३ गुणिले ऋण २, आणि तो अधिक आहे. नियम कोणी लादलेला नाही. खाचराचा हिशेब जुळण्यासाठी तो तसाच असावा लागतो.

अशा स्पष्टीकरणाला आपल्या गणितपरंपरेत ‘उपपत्ती’ म्हणतात, आणि ती दोन प्रकारची असल्याचे भास्कराचार्यांनी सांगितले आहे : क्षेत्रगत, म्हणजे आकृतीने दाखविलेली, व राशिगत, म्हणजे संख्यांच्या क्रियांनी दाखविलेली. खाचराचा बांध ही क्षेत्रगत झाली. ३००, ४०, ४५ ची आकडेमोड ही राशिगत. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण भारतीय गणिताविषयी एक आरोप दीर्घकाळ होत आला : हिंदू गणितज्ञ नियम देतात, पण सिद्धता देत नाहीत. आरोपाचे कारण शोधणे कठीण नाही. मूळ ग्रंथ श्लोकांत आहेत, आणि श्लोक पाठ करण्यासाठी असतात. त्यांत नियमच मावतो, कारण मावत नाही. कारणे गुरू तोंडी सांगत किंवा टीकेत लिहिली जात. ज्यांनी श्लोकांचे भाषांतर वाचले आणि टीका वाचल्या नाहीत, त्यांना सिद्धता दिसणार कोठून? भास्करांचे ‘बीजगणित’ इंग्रजीत प्रथम आले ते १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रॅची ह्यांच्याकडून, आणि तेही शाहजहानच्या काळात झालेल्या फारसी भाषांतरावरून. १८१७ मध्ये कोलब्रुक ह्यांनी थेट संस्कृतवरून भाषांतर केले. त्यांनी मात्र कृष्ण दैवज्ञांची ही टीका वाचली होती व तळटीपांत तिचा भरपूर उपयोग केला होता. तळटीपांकडे लक्ष देणारे वाचक त्यांना फारसे मिळाले नाहीत असे दिसते, कारण तोच आरोप त्यानंतर शंभर वर्षे पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापला गेला. मूळ टीका छापून येण्यास १९३० उजाडले. तंजावूरची आवृत्ती १९५८ ची. आणि तिच्यावरील विस्तृत अभ्यासग्रंथ चेन्नईच्या कुप्पुस्वामी शास्त्री संशोधन संस्थेने काढला तो २०१२ मध्ये.

वर्गसमीकरणाकडे येताना क्षेत्रगत उपपत्तीचा खरा उपयोग कळतो. क्ष² + ६क्ष = ४० हे समीकरण घ्या. येथे समशोधन करून भागत नाही, कारण क्ष² आणि क्ष ह्या भिन्न जाती आहेत, त्या एकमेकींत मिळत नाहीत. मधले पद नाहीसे कसे करावे हाच प्रश्न आहे, आणि म्हणूनच जुन्या ग्रंथांत ह्या रीतीला ‘मध्यमाहरण’ असे अन्वर्थक नाव आहे. कागदावर क्ष बाजूचा चौरस काढा. ६क्ष म्हणजे क्ष लांबीची व ६ रुंदीची पट्टी. ती उभी चिरून ३-३ रुंदीच्या दोन पट्ट्या करा. एक चौरसाच्या उजव्या बाजूला जोडा, एक खाली. जवळजवळ मोठा चौरस तयार झाला. फक्त एक कोपरा रिकामा आहे, ३ गुणिले ३ चा. तो भरण्यासाठी ९ मिळवा, आणि समशोधनाच्या नियमाप्रमाणे दुसरीकडेही ९ मिळवा. आता (क्ष + ३)² = ४९. म्हणून क्ष + ३ = ७ व क्ष = ४. ‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा’ हे पाठांतराचे वाक्य म्हणजे तो रिकामा कोपरा होय.

क्ष² ला सहगुणक असेल तर अपूर्णांक येऊन हिशेब किचकट होतो. त्यावर श्रीधराचार्यांनी युक्ती काढली : दोन्ही पक्षांना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे व मग अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा, म्हणजे अपूर्णांक येतच नाही. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. पद्मनाभांचाही नाही. श्रीधरांचा हा नियम आपल्याला माहीत आहे तो भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेऊन उतरून ठेवला म्हणून. ज्या ग्रंथाची प्रत कोणी केली नाही व ज्याला कोठल्या ग्रंथसंग्रहात जागा मिळाली नाही, त्याचे असे होते.

वर्गसमीकरणाला उत्तरे दोन निघतात. त्यांपैकी कोणते घ्यावयाचे, ह्याविषयी भास्कराचार्यांनी माकडांची दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप क्ष मानला तर (क्ष/८)² + १२ = क्ष. ६४ ने गुणून व समशोधन करून क्ष² − ६४क्ष = −७६८. दोन्हीकडे ३२ चा वर्ग, १०२४, मिळविला की (क्ष − ३२)² = २५६. आता २५६ हा जसा १६ चा वर्ग आहे तसाच ऋण १६ चाही. म्हणून कळप ४८ चा किंवा १६ चा. दोन्ही पडताळून पाहा : ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२; आणि १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही उत्तरे आचार्यांना मान्य आहेत.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे येते त्याचा वर्ग इतकी माकडे गुहेत शिरली, व एक माकड फांदीवर दिसते आहे. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. सोपे रूप दिल्यावर क्ष² − ५५क्ष = −२५०. येथे ५५ ची निमपट अपूर्णांकात येते, म्हणून श्रीधरांची रीत लावावी : ४ ने गुणून ५५ चा वर्ग ३०२५ मिळविला की (२क्ष − ५५)² = २०२५, आणि २०२५ हा ४५ चा वर्ग. क्ष ५० किंवा ५. आकडेमोडीने दोन्ही बरोबर आहेत. परंतु ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केले तर ऋण २ उरतात. ऋण दोन माकडे म्हणजे काय? भास्कराचार्य हे दुसरे उत्तर सोडून देतात. कारण सांगतात ते गणिताचे नव्हे, माणसाचे : मोजता येणाऱ्या वस्तू ऋण झालेल्या लोकांना पटत नाहीत. कृष्ण दैवज्ञांच्या त्रिविध ऋणत्वाकडे पाहिले तर ह्यातील मर्म अधिक उघड होते. दिशेला उलट दिशा असते, मालमत्तेला कर्ज असते. माकडाच्या उलट मात्र काही नाही. समीकरण माकडांना ओळखत नाही, ते फक्त संख्या ओळखते. उत्तर कोठे लागू पडते हे ठरविण्याचे काम सोडविणाऱ्याचे आहे. खरे बीज म्हणजे बुद्धीच, चिन्हे ही तिची साहाय्यक, असे जे आचार्यांनी म्हटले आहे, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

ज्या वाचकांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांनी घोड्यांच्या त्याच उदाहरणातील पुढचे दोन प्रकार करून पाहावेत. मालमत्ता पूर्वीचीच : एकाजवळ ६ घोडे व ३००, दुसऱ्याजवळ १० घोडे व १०० चे कर्ज. पहिल्या प्रकारात, पहिल्याच्या मालमत्तेच्या निम्म्यात २ मिळविले तर ती दुसऱ्याच्या मालमत्तेइतकी होते. दुसऱ्या प्रकारात, पहिल्याची मालमत्ता दुसऱ्याच्या तिप्पट आहे. दोन्ही ठिकाणी घोड्याची किंमत काढावी. पहिल्यात ती ३६ व दुसऱ्यात २५ येते. वेगळी आली, तर ३०० चे निम्मे करावयाचे किंवा १०० च्या कर्जाची तिप्पट करावयाची राहून गेली आहे काय, ते आधी तपासावे.